केरबेन कंपनीने कोचकोरची भिंत जिंकली त्याची हकीकत

“हात सोडू नकोस! एकानं जरी काढून घेतला ना, तर अख्खा बाजार हसेल!”

ऐसा आवाज तोल्कुन खातून यांचे कानी बाळपणी पडिला तो कधी गेला नाही. आवाज त्यांचे आजोबांचा. आजोबा गुरांच्या बाजारातील नामजाद दलाल; विकणाराचा पंजा आणि घेणाराचा पंजा एकात एक अडकवावा, वरून आपली मूठ आवळावी, आणि मग ऐसे गदगदा हालवावे की मेंढ्यांनी बिचकून मागे सरावे, आणि दोघांचे मुखातून रुकार निघेतोपर्यंत सोडू नये, हा त्यांचा दस्तूर. नात खांद्यावर बसून पाहात असे. तिला वरून टोप्याच टोप्या दिसत, आणि टोप्यांच्या मधोमध हातांची ती गाठ, डेऱ्यातल्या रवीसारखी घुसळताना.

ऐसियास श्रोतीं चित्त देऊन ऐकावे. राज्ये घेतली, किल्ले घेतले, यांच्या हकीकती थोरांनी लिहून ठेविल्या. परंतु ज्यांस दार नाही, छप्पर नाही, ज्यांचा मुक्काम मोबाइलच्या काचेत, ऐसी दुकाने कैसी घेतली आणि कैसी राखिली, हे कोणी लिहिले नाही, सबब येथे लिहिले आहे. अधिकउणे असेल ते जाणत्यांनी पदरात घ्यावे.

बिश्केक शहरी केरबेन नावाची कंपनी. तिच्या धनीण तोल्कुन खातून, तिशीच्या आतबाहेर, बांध्याने सडपातळ, बोलणे थोडे, चहा फार. कंपनीचा उद्योग ऐसा की, मुलखात जेथे जेथे कोणी एकच एक जिन्नस घेऊन ऑनलाइन दुकान मांडून बसला असेल तेथे जावे, दुकान विकत घ्यावे, आणि मग कंपनीचे नावे चालवावे. या रीतीने कोमुझ वाद्याच्या तारांचे ठाणे हस्तगत जाहले, आणि पाळण्यातल्या बाळाची लघवी बाहेर नेणाऱ्या लाकडी नळ्यांचे ठाणे हस्तगत जाहले, ज्यास दूरदेशीहून ऐसी मागणी की कारकून चकित. मग शिकारी उकाबाच्या, म्हणजे गरुडाच्या, डोळ्यांवर घालावयाच्या कातडी टोप्यांचे ठाणेही घेतले. तेथे मात्र घात जाहला. कंपनीचे वकील कुबात मिर्झा, केस खांद्यापर्यंत, जन्म शहरातला, हौस दांडगी, त्यांनी प्रत्येक टोपीवर कंपनीचा शिक्का उठविला. उकाबांचे म्हणणे कळले नाही, शिकाऱ्यांचे कळले. दुकान बसले. ज्या वृद्ध कारागिराचे ते होते त्याने रागाचा शब्द पाठविला नाही, फक्त फोन उचलणे सोडिले. तो सल खातूनांचे काळजात राहिला, दातात अडकलेल्या तंतूसारखा, दिसे कोणास नाही आणि जाई कधी नाही.

त्यानंतर गेले हिवाळी कोचकोर गावच्या सायराकान एजे यांचे शिर्दाकांचे दुकान घेतले. एजे म्हणजे ताई, आपणाहून थोर बाईस मानाने ऐसे म्हणतात. शिर्दाक म्हणजे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, जाजम, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापून बसविलेले. एजेंनी घासाघीस न करिता दुकान दिले, ‘थकले आता, पोरी’ इतकेच बोलल्या. तेव्हां खातूनांनी छातीवर हात ठेवून वचन दिले, “तुमचं दुकान माझ्या हातात मरणार नाही, एजे. तुम्ही शिवत राहा, नाव तुमचंच राहील.”

वचन दिले आणि मग महिना लोटतो न लोटतो तो कुबात मिर्झांनी काचेत एक गनीम हेरिला. त्याच कोचकोरात दुसरे दुकान, धनीण उम्सुनाय एजे, आणि जाजमे तीच! शिंगे तीच, वळण तेच. फक्त आपले लाल ते तिकडे काळे, आणि आपले काळे ते तिकडे लाल. मिर्झांनी खातूनांस न विचारता जळजळीत नोटीस धाडिली, की आमच्या नक्षीची नक्कल तात्काळ बंद करावी, न केलियास कोर्टाचे दारी उभे करू.

परिणाम काय जाहला? तर कोचकोरहून जाजमे येणे बंद. मागण्या साचल्या, गिऱ्हाइके कुरकुरली. सायराकान एजेंस फोन करिता त्या म्हणाल्या, “भिंतीवरून काही येतच नाही गं.”

“भिंतीवरून?” मिर्झा बोलिले. “म्हणजे कुठल्या कंपनीकडून?”

तेव्हां खरी हकीकत उलगडली. सायराकान आणि उम्सुनाय या सख्ख्या जावा, घरे भिंतीला भिंत. शिर्दाकाची रीत ऐसी की लाल नमदा आणि काळा नमदा एकावर एक अंथरून एकाच सुरीने कापावा. मग काळी शिंगे लाल अंगणात बसतात आणि लाल शिंगे काळ्या अंगणात, दोन जाजमे होतात, जुळी, आणि चिंधी वाया जात नाही. उम्सुनायसारखी सुरी कोणाची नाही आणि सायराकानसारखी सुई कोणाची नाही. ऐन उमेदीत दोघी गात असत,

एक सुरी दोन पाती, एक लाल एक काळी,
माझं शिंग तुझ्या दारी, तुझं माझ्या गं कपाळी.

मग शिर्दाकाची आई कोण, कापणारी की शिवणारी, यावरून एका लग्नघरी वाद पडिला, आणि बोलणे तुटले. बोलणे तुटले, काम तुटले नाही! उम्सुनाय कापी आणि दोन्ही जाजमांचे तुकडे गुंडाळून भिंतीवरून पलीकडे टाकी; सायराकान दोन्ही शिवी आणि जुळ्यातले एक भिंतीवरून परत टाकी; ज्याची त्याची विक्री ज्याच्या त्याच्या दुकानी. आळीतल्या शेळ्यांसही हे ठाऊक. केरबेन कंपनीने दुकानाचा हिशेब पाहिला, गिऱ्हाइकांच्या तारीफा पाहिल्या, भिंत पाहिली नाही. आणि मग जी बाई नक्षी कापते तिलाच नक्षी चोरल्याची नोटीस! उम्सुनायने ती वाचिली, सुरी पुसून खणात ठेविली, आणि खण लाविला.

खातूनांस हे कळताच टोप्यांचा वृद्ध कारागीर डोळ्यांपुढे आला. मग मोहिमेचा हुकूम जाहला.

जुनी मोटार, मागे बटाट्यांची पोती, पुढे धनीण आणि वकील, ऐसी फौज बूमच्या खिंडीतून कूच करीत कोचकोरी दाखल जाहली. प्रथम मुक्काम सायराकान एजेंकडे. एजेंनी दारात येऊन मिर्झांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ये पोरी, आत ये, थंडी आहे.” मिर्झांनी केसांवरून हात फिरविला आणि हा गावचा विनोद समजून हसले. चहा ओतिला तो निम्मा वाटीत, निम्मा दस्तरखानावर, म्हणजे पुढ्यात अंथरलेल्या चादरीवर. खातूनांनी पुसून घेतिला. दुकान का विकले ऐसे विचारिले असता उत्तर तेच, थकले. आणि मग एजे अंगणात गेल्या, भिंतीच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरविला, रिकामा परत आणिला. ऐसे त्या रोज करीत.

दुसरी स्वारी उम्सुनाय एजेंकडे. तेथे आगतस्वागत कडक. एजेंनी वाट्या मांडिल्या आणि चहा काठोकाठ भरून दिला, ऐसा की उचलताच सांडावा. मिर्झा हर्षित जाहले, कानाशी कुजबुजले, “एजे, किती दिलदार बाई!”

“अरे शहाण्या,” खातून ओठ न हालविता म्हणाल्या, “पाहुणा हवा असला की घोटभर ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालते व्हा.”

मिर्झांनी तोवर वाटी रिकामी करून पुढे केली होती. एजेंनी पुन्हा काठोकाठ भरिली.

मग खातूनांनी अर्जी मांडिली. नोटिशीबद्दल माफी मागितली, आणि उम्सुनाय एजेंनीही आपले दुकान कंपनीस द्यावे, दोन्ही एक करावी, सुरी पुन्हा चालावी, ऐसी विनंती केली. उत्तर जाहले ते फर्मानच.

“विकत घ्यायला आलीस? माझी सुरी काय कोंबडी आहे? आणि तिला विचार आधी, इतकी वर्षं भिंतीवरून तुकडे टाकले, एक दिवस चुकले नाही, तिनं दुकान विकलं ते मला दूधवाल्याकडून कळलं! वर गेल्या थंडीपासून माझ्या वाटणीचे टाके बघ. हे बघ! शिंगाचं टोक म्हाताऱ्या गाढवाच्या शेपटीसारखं लोंबतंय. मुद्दाम करते. मला काय कळत नाही?”

“कदाचित सुताचा दोष असेल, एजे,” मिर्झा म्हणाले.

“तू चहा पी.”

फौज पराभूत होऊन अंगणात आली. मिर्झांची मसलत ऐसी की परत फिरावे, दुसरी कारागीर शोधावी, नक्षी यंत्रावर कापून घ्यावी, टोप्यांच्या वेळी जे जाहले ते जाहले. ‘टोप्या’ हा शब्द ऐकून खातूनांचा चेहरा ऐसा जाहला की मिर्झांनी बाकीची मसलत गिळिली.

तो दिवस शनिवार, गुरांच्या बाजाराचा. वाऱ्याबरोबर दलालांची आरोळी येत होती, मेंढ्यांचे बेंबाटणे येत होते. इतक्यात इकडून उम्सुनाय एजे भिंतीवर वाळत टाकलेला नमदा काढावयास आल्या, आणि तिकडून सायराकान एजे नित्याप्रमाणे भिंतीवर हात फिरवीत आल्या. दोघींचे पंजे मातीच्या माथ्यावर वीतभर अंतरावर. खातूनांचे कानी तो जुना आवाज ऐसा आला की जणू आजोबा खांद्याखाली उभे आहेत.

मग त्यांनी पुढचा मागचा विचार न करिता झेप घेतिली, भिंतीवर मांड ठोकिली, एक पाय या अंगणात आणि एक त्या अंगणात, डाव्या हाते एकीचा पंजा धरिला, उजव्या हाते दुसरीचा, दोन्ही एकात एक अडकविले, वरून मूठ आवळिली, आणि गदगदा हालवावयास लागल्या.

“बोला!” खातून गर्जल्या. “बोला एजे! दोघींनी हो म्हटल्याशिवाय सोडायची नाही!”

कोचकोरची बाई, दलालाने धरलेला हात काढून घेईल ती कैसी? आळी गोळा जाहली. बाजाराहून परतणारे थांबिले.

“पोरी, हिला सांग,” उम्सुनाय म्हणाल्या, “हात सोड म्हणावं.”

“हिलाच सांग,” सायराकान म्हणाल्या, “मी कुठं धरलाय? हिनंच आवळलाय.”

“धरून ठेव गं!” मेंढी विकून आलेला एक दाढीवाला ओरडिला. “हा सौदा बघूनच जेवणार मी!”

“नाव दोघींचं!” खातूनांनी हालविता हालविता बोली लाविली. “जुळी जाजमं एकत्रच विकायची, वेगळी कधी नाही!”

“माझं नाव आधी,” उम्सुनाय.

“हिला सांग, आधी लग्न होऊन मी आले या घरी,” सायराकान.

“लाल जाजमावर एकीचं आधी, काळ्यावर दुसरीचं!”

लोक वाहवा म्हणाले. दोघींचे हात सैल न पडता उबदार पडिले, हे मुठीस कळत होते. परंतु मग उम्सुनाय एजेंनी पाय रोविला. “सगळं कबूल करीन. आधी हिला विचार, दुकान मला न सांगता का विकलं? टाके वाकडे का घातले?”

सायराकान एजेंची मान खाली, नजर भिंतीच्या मातीत. खातूनांच्या मांड्या बधिर जाहल्या, खांदा उतरावयास आला, तरी मूठ हालत राहिली.

“एजे, उतरा आता, कागदावर करू,” मिर्झा काकुळतीस आले.

“कुबात, गप्प बस आणि माझा पाय धर!”

मिर्झांनी धनिणीचा पाय धरिला, आणि कोचकोरची भिंत सर जाहली. तहनामा ऐसा: दोन्ही दुकाने एक व्हावी, केरबेन कंपनीने चालवावी, शिक्का कोठेही उठवू नये. नावे दोघींची, बोलीत ठरली त्याप्रमाणे. नोटीस कुबात मिर्झांनी आळीसमक्ष स्वमुखे मागे घ्यावी, ती त्यांनी घेतिली, आवाज बारीक होता. भिंतीस माणूस जाईल इतके दार पाडावे. आणि कंपनीच्या मोटारीने, बटाटे उतरवून, सायराकान एजेंस बिश्केकच्या डॉक्टराकडे न्यावे, सोबत उम्सुनाय एजेंनी बसावे. मग चहा जाहला, उम्सुनाय एजेंच्या घरी, वाटीच्या तळाशी घोटभर, आणि पुन्हा घोटभर, आणि पुन्हा. मिर्झांनी घरात चहा संपला की काय ऐसे विचारू नये म्हणून खातूनांनी त्यांचे पावलावर पाऊल दाबून धरिले होते.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती रुजू केली. परंतु किल्ला पडिला तो कोणाच्या जोराने नव्हे. हात हालत असता, आळी श्वास धरून असता, सायराकान एजेंनी मान वर केली आणि कित्येक वर्षांनी प्रथमच जावेस नावाने हाक मारिली, ते शब्द मोर्तबाचे जागी जैसेच्या तैसे लिहिले आहेत.

“उम्सुनाय, मला सुई दिसत नाही गं. गेल्या थंडीपासून. लाल कुठलं, काळं कुठलं, बोटांना विचारून शिवते. तुला सांगितलं असतं तर तू कापायचं थांबवलं असतंस, आणि भिंतीवरून काही पडलंच नसतं, तर पलीकडं तू आहेस हे मला कसं कळलं असतं?”