शेऱ्याचा रकाना

संगणकातलं आपल्याइतकं अहमदपुरात कुणालाच कळत नाही, याची सोमेशला पक्की खात्री होती. पुण्याची नोकरी सुटली तरी ती खात्री सुटली नव्हती. नोकरी सुटल्याचं त्यानं घरी सांगितलंच नाही. लेक घरून काम करतोय, एवढंच त्याच्या वडिलांना, रामकिशनअण्णांना, ठाऊक होतं.

हे घरून चाललेलं काम म्हणजे उमाबाईंच्या वधू-वर केंद्राची वेबसाइट. उमाबाईंची वीस वर्षांची जाडजूड वही होती. त्यात प्रत्येक स्थळाचं नाव, शिक्षण, उंची, गाव आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. तो फक्त त्यांनी वाचायचा. सोयरीक जुळवायची ती त्यावरूनच. "वहीतला शब्द न् शब्द चढव," त्यांनी बजावलं होतं, "पण शेरा कुणाला दिसला तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

सोमेशनं चारशे बारा स्थळं चढवली. आता सर्व्हरकडून पानाकडे कोणते रकाने जाऊ द्यायचे, हे निवडायला अर्धा तास लागला असता. त्याचा त्यानं कंटाळा केला. अख्खी नोंद, शेऱ्यासकट, बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये धाडली आणि तिथल्या स्क्रिप्टला सांगून ठेवलं की शेवटचा रकाना दाखवू नकोस. म्हणजे पाहुण्याच्या हातात जेवणाचा अख्खा डबा द्यायचा आणि म्हणायचं, खालचा कप्पा तेवढा उघडू नका. वर उमाबाईंना छातीठोक सांगितलं, चिटपाखरालाही दिसणार नाही.

चढवताना त्यानं दोन शेरे नीट वाचले. एक उमरीच्या दिपालीचा. तिचा फोटो त्याला आवडलाच होता, शेरा वाचून धीरही आला. दुसरा त्याचा स्वतःचा, कारण अण्णांनी त्याचंही नाव केंद्रात घातलं होतं. तो त्यानं चढवलाच नाही.

महिन्याभरानं बापलेक उमरीला पोरगी बघायला गेले. दिपाली तिथल्या कॉलेजात संगणक शिकवायची. पण शिकवणं वेगळं आणि येणं वेगळं, असं सोमेशचं मत होतं. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. मग अण्णांना राहवेना.

"आमच्या सोमेशनं केंद्राची वेबसाइट केली. लई भारी हाय. दाखव की रे पाव्हण्यांना."

दिपालीच्या वडिलांनी, सुदामरावांनी, लेकीला लॅपटॉप आणायला लावला. तिनं स्वतःचीच नोंद उघडली. फोटो, शिक्षण, उंची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिनं सहज दोन कळा दाबल्या आणि पानामागचा सगळा मजकूर पडद्यावर आला. सोमेशला बिस्किटाचा ठसका लागला.

"वाच की माय मोठ्यानं," सुदामराव कौतुकानं म्हणाले.

दिपालीनं वाचलं. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात.

"रंग सावळा. वय दोन वर्षं कमी सांगतात. दोन स्थळं परत गेली. बाप टेकीला आलाय, कसलंही स्थळ चालेल."

सुदामरावांच्या हातात बिस्किटांची बशी होती. ती कुठं ठेवावी हेच त्यांना कळेना. सोमेश घाईघाईनं सांगू लागला, की हे शब्द उमाबाईंचे आहेत, त्यानं फक्त टाइप केलेत, आणि ही तांत्रिक अडचण अर्ध्या तासात दुरुस्त होईल.

"टाइप केलंत म्हणजे वाचलंत," दिपाली म्हणाली. "आणि वाचून आलात."

तिनं यादीचं पान उघडलं आणि त्याच्यामागचा मजकूर खालीवर सरकवत राहिली. मग शांतपणे लॅपटॉप मिटला.

"चारशे बारा नावं आहेत. शेरा कोरा फक्त एकाचा. तुमचा."

अण्णांना अजून काहीच उमगलं नव्हतं. "कोरा म्हंजे चांगलंच की," ते म्हणाले. "पोरात खोटच न्हाई."

तेव्हा मात्र सोमेशला लाज वाटली, अगदी मान वर करवेना इतकी. दिपालीची वाटली, सुदामरावांची वाटली, पण सगळ्यात जास्त आपल्या बापाची. चहा न घेताच बापलेक एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी तो उमाबाईंकडे गेला. दिपालीचा फोन त्यांना येऊन गेला होता. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली आणि त्याचं पान त्याच्यापुढे सरकवलं. 'नोकरी सुटली, घरी सांगितलं नाही. बोलतो फार. काम अर्धं ठेवतो.' त्याखाली त्यांनी पेनानं एक ओळ वाढवली: 'एक स्थळ परत गेलं.'

"हे बी चढव," त्या म्हणाल्या.

सोमेशनं चढवलं. या वेळी शेऱ्याचा रकाना सर्व्हरवरच अडवला. मोजून अर्धा तास लागला. आता तो खरंच चिटपाखरालाही दिसत नाही.

त्यामुळे अण्णांनाही दिसत नाही. ते अजून बसस्टँडवर भेटेल त्याला सांगतात, "उमरीकरांना पेललं न्हाई. चारशे बारा जणांत शेरा कोरा फक्त आमच्या सोमेशचा." आणि शेजारी उभा असला तर सोमेश गाडीची पाटी वाचू लागतो.