मास्तर भाकरी खातो

"यंदा मला सगळ्यात आवडलं ते मास्तराचं पुस्तक," लीलाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "कारण शेवटी मास्तर भाकरी खातो."

शुक्रवार पेठेतल्या महिला वाचन मंडळाच्या खोलीत सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. नीलम्मा शेंगाचटणीची वाटी पुढं सरकवत होती, तिचा हात तिथंच थांबला.

"कुठला मास्तर, अक्का?"

"साप चावलेला. आपल्याच कपाटातला."

"तो मरतो की."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? पुस्तकच म्हणतंय."

लीलाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू नीलम्मा त्यांच्या सख्ख्या भावाबद्दलच काहीतरी अभद्र बोलली होती.

या मंडळाची एक पद्धत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या जमतात. वर्षभर काय वाचलं, त्यातलं काय आवडलं, ते एकेकीनं उभं राहून सांगायचं. मग हात वर करून मतं घ्यायची. जिचं बोलणं सगळ्यांना जास्त भावेल, तिनं पुढच्या वर्षाची पुस्तकं निवडायची. हा मान इतकी वर्षं देवयानी मॅडमकडं होता. मॅडम कॉलेजातून रिटायर झालेल्या, आणि ज्या पुस्तकात निदान एक मयत नाही ते पुस्तक त्या हातातसुद्धा धरत नसत. त्यांच्या निवडीपायी शुक्रवार पेठेतल्या बायका इतक्या रडल्या होत्या, की एका उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं तरी गल्ली ओली होती म्हणतात.

लीलाबाईंना हा मान हवा होता. नुसता हवा नव्हता, दिवाळीपासून त्यांनी दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नव्हतं. फराळ करतानाही त्या कढईसमोर भाषण म्हणायच्या. चकल्या जळाल्या, पण भाषण पाठ झालं.

"एक सांगते मॅडम," आता त्या म्हणाल्या, "यंदा तुमची निवड लई सुधारली. एक माणूस मेलं नाही."

देवयानी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लीलाताई, यंदाच्या प्रत्येक पुस्तकात माणसं मेलीत. मी बघून घेतलीत ती पुस्तकं."

"मग तो कोकणातला कोळी?"

"वादळात बुडाला."

"बुडाला होता. मग निघाला. आता केम गावाला रेल्वेत नोकरीला आहे."

"कोकणच्या समुद्रात बुडालेला माणूस केमला निघाला?" नीलम्मानं विचारलं.

"पोहत नाही निघाला. किनाऱ्याला लागला, घरी जाऊन आमटी-भात खाल्ला आणि मग रेल्वेनं केमला आला. बायको-पोरांना घेऊन. क्वार्टर मिळालंय त्याला."

बँकेत काम करणारी राजश्री मंडळात सगळ्यात लहान. ती हळूच म्हणाली, "आणि काकू, ती टीबी झालेली सून?"

"बरी झाली की. शिवणाचा क्लास काढलाय."

"कुठं?"

"मंगळवेढ्याला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. लीलाबाईंचा पारा चढला. "हसायला काय झालं? तुमच्या पुस्तकाची पानं कुणी फाडली असतील तर त्याला मी काय करू? त्या सुनेसाठी कुणी रडलं न्हाय असं एक घर दाखवा म्हणता, आणि ती बरी झाली हे कुणालाच ठाऊक नाही? अर्धं पुस्तक वाचून डोळे पुसत बसायचं, ही काय वाचायची रीत झाली?"

हा आवाज एवढा चढला, की समोरच्या दुकानात घड्या घालून ठेवलेल्या चादरी आपोआप उलगडल्या. दुकानदार अजून तसं सांगतो.

देवयानी मॅडम शांतपणे उठल्या. कपाटातून मास्तराची कादंबरी काढली आणि राजश्रीच्या हातात दिली. राजश्रीनं पान शोधलं आणि वाचलं, "मास्तरांचा हात थंड पडला. दाराशी उभ्या असलेल्या पोरांना कुणी काही सांगितलं नाही. तरी त्यांनी टोप्या काढल्या."

नीलम्मानं डोळ्याला पदर लावला. त्या पानावर तिला केव्हाही रडू यायचं.

"हे पान मागाहून घातलंय कुणीतरी," लीलाबाई म्हणाल्या. पण आवाज जरा उतरला होता. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, स्वतः वाचलं. पुढचं पान वाचलं. त्याच्या पुढच्या पानावर मास्तराची बायको पांढऱ्या कपाळानं चुलीसमोर बसली होती.

"लीलाताई," देवयानी मॅडम म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण जी पुस्तकं तुम्ही वाचलीच नाहीत, त्यांच्यावर तुम्हाला मतं मागता येणार नाहीत."

लीलाबाईंनी पुस्तक काखेत मारलं आणि चपला घातल्या. "मी वाचलीत. माझ्या घरात वाचलीत. आता घरीच विचारते."

नीलम्मा पाठोपाठ निघाली. कुणी विचारलं नसताना म्हणाली, "साक्षीला कुणीतरी नको का?"

वाटेत खरी गोष्ट तिला कळली. जानेवारीत लीलाबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. वाचायचं बंद. तेव्हा त्यांचे यजमान गंगाधरपंत मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पंतांचा आवाज म्हणजे काय विचारता. एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या होत्या. गाडी रद्द झाली असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "थोड्याच वेळात येत आहे," एवढंच ते म्हणायचे, आणि ऐकणारी माणसं बाकावर बसून सुखानं म्हातारी व्हायची. शिवाय श्रावणात गल्लीतल्या देवळात पोथी तेच वाचत. पोथी वाचणाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायचं नाही, ऐकणाऱ्यानं नुसतं "हूं" म्हणायचं, असा घरचा शिरस्ता. लीलाबाईंनी तोच कादंबरीलाही लावला. पुढं डोळे बरे झाले, चष्मा आला, पण तोवर चटक लागली होती. पंतांनी वाचावं, यांनी शेंगा फोडाव्यात आणि "हूं" म्हणावं. असं वर्ष गेलं.

घरी पंत ओट्यावर बसून शेंगाच फोडत होते. बायकोच्या काखेतलं पुस्तक दिसलं, तसा हातातला दाणा त्यांनी टरफलात टाकला आणि टरफल तोंडात.

"अहो," लीलाबाई म्हणाल्या, "मास्तर मेला का?"

पंतांनी नीलम्माकडं पाहिलं. नीलम्मानं सगळं कळलंय अशी मान हलवली.

"मेला," पंत म्हणाले.

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. होळीच्या आधी."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगणार होतो. पण डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यातनं पाणी येऊ द्यायचं नाही. टाके आहेत. मग काय करतो? नेलं त्याला मंगळवेढ्याच्या दवाखान्यात, दिलं इंजेक्शन."

"टाके काय वर्षभर होते व्हय?"

"नव्हते. पण टाके निघाले म्हणून मी त्याला एकदम कसं मारू? तो घरी येऊन पिठलं-भाकरी खाऊन बसला होता. तूच म्हणालीस, बिचाऱ्याला कांदा द्यायला पाहिजे होता. मग मी कांदा पण दिला."

लीलाबाई पुस्तक मांडीवर घेऊन समोर बसल्या. पंतांना आता धीर आला. "तुला वाटतं सोपं होतं? अजून अर्धं पुस्तक बाकी होतं. त्यात सगळं त्या विधवेचं. आता नवरा तर घरात बसलाय. ती विधवा कशी होणार? रोज तू दुपारी झोपलीस की मी पुढचं जुळवत बसायचो. इतकं डोकं मी नोकरीत कधी चालवलं नाही."

"आणि कोळी?"

"त्याला दोन लहान लेकरं होती गं."

"आणि तो केमलाच का?" नीलम्मानं विचारलं.

"माझं गाव आहे ते. तिथं माझी ओळख आहे."

"अजून कोण कोण मेलंय, ते सांगा," लीलाबाई म्हणाल्या.

पंत बोटं मोजत सांगू लागले. सून. सुनेची आई. तालमीतला पैलवान. कालव्याजवळची पोरगी. एका पुस्तकातला बैल पण. एकेक नाव ऐकून लीलाबाई "अगं बाई" म्हणत होत्या आणि नीलम्मा नव्यानं रडत होती. वर्षभराचं सुतक एका दुपारी त्या घरावर आलं होतं. शेजारची बाई दारात डोकावली आणि कोण गेलं म्हणून विचारून, डोक्यावर पदर घेऊन, भिंतीला टेकून बसून गेली.

"शोभतं का तुम्हाला हे?" लीलाबाई म्हणाल्या. "सगळ्या बायकांसमोर माझं हसं झालं. मी तिथं उभी राहून सांगते मास्तर भाकरी खातो, आणि ह्या बया मला सांगतात तो गेला. दिवाळीपासनं तयारी केलेली. मान गेला तो गेलाच. मॅडम आता परत वर्षभर माणसं मारणार."

"चुकलं माझं," पंत म्हणाले.

नीलम्माला त्यांची दया आली. विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "जाऊ द्या अक्का. मास्तर गेला, पण त्या मामाचं काय झालं ते तरी मनासारखं आहे की."

मामा म्हणजे मास्तराच्या बायकोचा मामा. गावचा ठेकेदार. शाळेच्या भिंतीत सिमेंटच्या जागी माती घालणारा, आणि मास्तरानं तक्रार केली म्हणून त्याच्यावर डूख धरणारा. साप चावला त्या रात्री गाडी द्यायला नाही म्हणणारा तोच.

"मामाचं काय मनासारखं?" लीलाबाईंनी विचारलं. "मामाला पश्चात्ताप झाला. तो मास्तराच्या घरी आला, पाया पडला, आणि त्या वेड्या बाईनं त्याला पुरणपोळी वाढली. मला तेव्हाच राग आला होता. वर तूप पण वाढलं."

"पुरणपोळी?" नीलम्माचं रडं एकदम थांबलं. "अक्का, मामावर भिंत पडते."

"कुठली भिंत?"

"शाळेची. त्यानंच बांधलेली. तो खाली उभा राहून म्हणत असतो, बघा किती मजबूत आहे. आणि पडते. अख्खी."

लीलाबाई नवऱ्याकडं वळल्या. मघापर्यंतचा राग हा राग नव्हताच, असं पंतांच्या लक्षात आलं.

"भिंत होती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"होती."

"मग तिचं काय केलंत?"

"प्लास्टर करून घेतलं," पंत म्हणाले. "शाळेत लेकरं होती."

"मास्तराला जगवलंत, त्याचं मी काही म्हणत नाही," लीलाबाई म्हणाल्या. "डोळ्याला पाणी नको, कळलं. पण मामा मेल्यावर मी रडणार होते का? मी पुस्तकभर त्या मेल्या माणसाला शिव्या देत शेंगा फोडल्या. माझ्या हक्काची भिंत होती ती. आणि तुम्ही तिला प्लास्टर केलंत?"

"मास्तर घरात असल्यावर मामा त्याचं घर कसं बळकावणार? मग त्याला सुधारावंच लागलं की."

"कुणी सांगितलं होतं सुधारायला?"

एवढ्यात दारात देवयानी मॅडम आल्या. कपाटातलं पुस्तक नोंद न करता नेलेलं त्यांना चालत नसे. पण आल्या आल्या त्या पुस्तकाचं बोलल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि रागानं म्हणाल्या, "लीलाताई, तुम्ही निघून गेल्यावर मतं घेतली. बायका म्हणतात, केमचा कोळी पाहिजे. मंगळवेढ्याची सून पाहिजे. मी समजावून सांगितलं, ते पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, नसू दे. पुढच्या वर्षाची निवड तुमच्याकडं आली आहे. माझा निषेध आहे, तो मी सांगून ठेवते."

नीलम्मानं लीलाबाईंना कोपरानं ढोसलं. इतक्या वर्षांचा मान दारात चालत आला होता. पण लीलाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं.

"ते बघू मग," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही आधी आत या. यांनी मामाला सोडलंय."

"मामाला?" देवयानी मॅडम उभ्या राहिल्या. "म्हणजे भिंत?"

"प्लास्टर केलं," नीलम्मानं सांगितलं.

मॅडमनी पंतांकडं पाहिलं. कॉलेजात कॉपी करणाऱ्या पोरांकडंही त्यांनी कधी असं पाहिलं नसेल. मग त्या आत आल्या, सतरंजीवर बसल्या, आणि मघाचा निषेध विसरून म्हणाल्या, "मास्तरांचं ठीक आहे. मास्तरांचं मलासुद्धा... ते असू दे. पण मामाचं प्रकरण छापलंय तसं झालं पाहिजे."

तिघी ओळीनं बसल्या. लीलाबाईंनी पुस्तक पंतांच्या हातात दिलं. "वाचा. पहिल्यापासून नको. भिंतीपासून."

पंतांनी घसा साफ केला. आवाज तसाच होता, ऐकणाऱ्याला बाकावर बसवून ठेवणारा. "मामा भिंतीला थाप मारून म्हणाला, बघा, हत्ती आणा."

"हूं," तिघी म्हणाल्या.

"भिंतीतून माती सांडली. मामानं वर पाहिलं. आणि तेवढ्यात..."

पंत थांबले. डोळे पानावरून उचलून ते कुठंतरी लांब बघू लागले.

"तेवढ्यात काय?" लीलाबाईंनी विचारलं.

आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून एक नाही, तीन डोकी पुस्तकात डोकावली.

"नाही, तेवढ्यात असं इथं छापलेलं नाही," पंत म्हणाले, आणि त्यांनी निमूटपणे मामाला भिंतीखाली घेतलं.