नोव्हेंबरमधली बाई

नीवेसबाईंनी चष्मा पुसला आणि कॅलेंडरचा नोव्हेंबर पुन्हा उघडला. खाली नाव त्यांचंच होतं, 'गायिका नीवेस स्टाक्कीनी'. वर चेहरा मात्र एल्डाचा, धाकट्या बहिणीचा. आईच्या घरावरून भांडण झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

'देशाचे नामवंत' हे कॅलेंडर गावातल्या मंडळाने काढलं होतं. सान मारिनो देश तो केवढासा! नेमबाज, मोटारसायकलवाला, एक बिशप, असे ओढूनताणून अकरा महिने भरले. उरलेल्या महिन्यासाठी कुणाला तरी नीवेसबाई आठवल्या. तरुणपणी त्या इटलीतल्या मोठ्या स्पर्धेत गायल्या होत्या. शेवटून दुसऱ्या आल्या होत्या, पण गायल्या होत्या.

त्या तडक मंडळाच्या तुल्लिओकडे गेल्या.

"ही मी नाही!"

"असं कसं? स्पर्धेतला झगा तर हाच."

"झगा माझा, आतली बाई एल्डा! तिनंच शिवला, अंगावर चढवून बघत होती. मूळ फोटोत शेजारी घरच्या कपड्यांत मी उभी होते."

तुल्लिओचा चेहरा पडला. "तुम्ही फोन उचलेनात, म्हणून फोटो तिच्याकडून आणला. छापखान्यानं झगेवाली ठेवली आणि दुसरी कापली."

"म्हणजे मला कापलं!"

"आता वाटून झाली हो सगळी. आणि नोव्हेंबर कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितला. बेकरीत एल्डाला लोक हात मिळवू लागले. नीवेसबाईंना मात्र ऐकावं लागलं, "तुमची बहीण गायची होय? कधी बोलला नाहीत!" पुढे सत्काराचं आमंत्रणही एल्डाच्याच दारात गेलं.

सत्काराच्या दिवशी धुकं इतकं होतं की डोंगरावरचे बुरुजही दिसत नव्हते. नीवेसबाई कुणाला न सांगता सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

एल्डा माइकसमोर चाचरली. "चूक झालीय. मी गायिका नाही. मी फक्त शिवायचे."

"काय हा साधेपणा!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "गाणं! गाणं होऊ द्या!"

एल्डाच्या कपाळाला घाम फुटला. ती बापडी प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायची. नीवेसबाईंना ते बघवेना. त्या उठल्या आणि स्पर्धेतलं गाणं गाऊ लागल्या. पहिली ओळ निभली. दुसरीला आवाज चिरकला.

"आजी, बसा हो खाली! त्यांना गाऊ द्या की!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"अरे, तीच नीवेस आहे!" एल्डा कळवळून म्हणाली.

सभागृह खदखदून हसलं. मोठ्या मनाच्या आहेत बाई, असं सगळ्यांचं मत पडलं आणि पुष्पगुच्छ एल्डाच्या हातात ठेवला गेला.

बसथांब्यावर दोघीच उरल्या.

"मी सांगितलं गं त्यांना," एल्डा म्हणाली.

"ऐकलं मी." नीवेसबाई धुक्याकडे बघत राहिल्या. "आवाज पार गेलाय ना माझा?"

"गेलाय," एल्डा म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "पण मला वाचवायला उठलीस."

बस आली. चालकाने एल्डाला बघून टोपी काढली. "अरे वा, नीवेसबाई! आणि या कोण?"

एल्डाने बहिणीकडे पाहिलं. नीवेसबाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मी यांची बहीण," त्या म्हणाल्या आणि खिडकीची जागा एल्डाला दिली.