उदाहरणार्थ, पानी

जरा जवळ सरका. माणूस बोलायला बसलं की तुमचं आपलं मोबाईलमध्ये डोकं! ठेवा तो. आमच्या सुनंदा मॅडमचं सांगते.

सावेडीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या जामखेडकडच्या, आईवडील ऊसतोडीला जाणारे. ह्या स्वतः मात्र कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक. कुणी सरांनी त्यांची चूक काढली की लगेच मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून पुढं धरतात. "सर, परत म्हणा. नमुना घेते."

त्याच कॉलेजात मी शिपाई होते. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता वाचायला शिकले. विभागप्रमुख सर दिवसातून चारदा सांगायचे, "मॅडम, पानी नाही, पाणी. जीभ वर वळवा." मॅडम नमुना घ्यायच्या. सरांना वाटायचं, बाई घरी सराव करतात. मॅडमची डॉक्टरेटच जामखेडच्या बोलीवर. सर त्याला कबुलीजबाब समजायचे.

मग चर्चासत्र ठरलं. मॅडमचा बोलीवरचा निबंध, चार वर्षांची मेहनत, बाहेरगावचे अभ्यासक ऐकणार. सर म्हणाले, "निबंध तुमचा, वाचतो मी. उच्चारांचा प्रश्न आहे. वाईट वाटून घेऊ नका."

मॅडमनी कागद दिले. मला इतका राग आला, की सरांच्या चहात साखरच घातली नाही. त्यांना शुगर होती. त्यांनी आभार मानले.

चर्चासत्रात सर वाचायला उभे राहिले. "या भागात 'ण'चा 'न' होतो. उदाहरणार्थ, पाणी." जिभेची सवय! कागदावरचं पानी आपोआप दुरुस्त झालं. "लोणी. चटणी."

मागून कुणीतरी विचारलं, "सर, 'न' कधी होणार?"

सरांनी कागद उलटा करून बघितला.

मॅडम उठल्या. "बसा सर, मी वाचते." अन् न अडखळता वाचलं. शेवटच्या उदाहरणावर मात्र थांबल्या. "पानी पिलीस का गं?" एवढंच होतं. पुढचं न वाचताच कागद मिटले. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या.

संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसल्या. "मावशी, ते वाक्य आईचं. रोज फोनवर विचारायची. नोकरी लागल्यावर मीच म्हणाले, आई, पाणी म्हण, इथं लोक ऐकतात."

"मग?"

"मग विचारायचीच बंद झाली. 'बरी हायेस ना' म्हणून फोन ठेवायची. आता तर तीच न्हाई."

मीही जामखेडकडचीच. तेव्हापासून रोज येतात. "तुमी बोला मावशी, कायबी." मी बोलते, भाजीचं, गुडघ्याचं, शेजारच्या भांडणाचं. पाण्याचं मात्र विचारत नाही. तांब्या पुढ्यात ठेवते.

तुम्हीही माझ्या पायरीवर या, लवकर या. अन् आलात की आपापल्या गावच्या बोलीत बोला.