गाडीला विचारून सांगतो

माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी तात्या राऊतांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ती चष्मा लावून वाचली, कार्यालयाचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, "गाडीला विचारून सांगतो." मग उठून परसातल्या शेडमध्ये गेले. आतून चावी फिरवल्याचा आवाज आला, मागोमाग एक लांबलचक खर्र, मग आणखी एक खर्र, मग काहीच नाही. तात्या फडक्याला हात पुसत बाहेर आले.

"नाही म्हणते," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस विन्या. तुझ्याबद्दल तिचं काही म्हणणं नाही. पण कार्यालय पोयनाडला आहे, आणि रस्ता कसा आहे ते तुला माहीत आहे."

लग्नाला तात्यांच्या घरून काकू एकट्याच आल्या, एसटीने. आहेराच्या पाकिटावर मात्र दोघांची नावं होती. आम्ही चौलातले शेजारी, मधे फक्त एक दगडी गडगा, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही.

हे वाचून तात्या देवभोळे आहेत असं कोणाला वाटलं, तर ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. तात्या हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्याकडे विहीर खणायची असो, बोट घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, लोक देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तात्यांना हे अजिबात मान्य नाही. "पाकळी वाऱ्यानेही पडते," ते म्हणतात. "इंजिन मात्र कारणाशिवाय सुरू होत नाही आणि कारणाशिवाय बंद पडत नाही. हे विज्ञान आहे." तेव्हा अंधश्रद्धा नको म्हणून तात्या मोटारीला कौल लावतात. पहिल्या झटक्यात सुरू झाली तर हो. धापा टाकत सुरू झाली तर बघू. नाहीच झाली तर विषय संपला.

या कौलात तात्यांचा स्वतःचा हात किती, हे आख्ख्या आळीला ठाऊक आहे. डॅशबोर्डखाली चोकची दांडी आहे, ती कधी किती ओढायची ते फक्त तात्या जाणतात. मंडळाची पोरं गणपतीची वर्गणी मागायला आली की गाडी हमखास बंद. कोणाकडे ताजा जिताडा मासा आलाय आणि जेवायचं बोलावणं आहे म्हटलं, की चावी अर्धी फिरायच्या आत इंजिन बोलू लागतं.

गाडी पाठीने गोल, दिव्यांनी बटबटीत, रंगाने सायीसारखी. या जातीच्या गाडीला एके काळी लोक 'डुक्कर' म्हणायचे. तात्यांसमोर तो शब्द काढायचा नाही. अलिबागच्या एका पारशी गृहस्थाने बंगला विकून गाव सोडताना ती तात्यांना दिली. 'दिली' हा शब्द तात्यांचा. चांगले पैसे मोजून घेतले होते, असं काकू सांगतात. ती ठेवायला जागा हवी म्हणून गोठ्यातली म्हैस विकली. पावसाळ्यात घराची कौलं गळतात, पण शेडवर नवे पत्रे आहेत. काकू गाडीचा उल्लेख नुसता 'ती' असा करतात, सुनेने सासूचा करावा तसा. "तिची अंघोळ झाली असेल तर तुमचं पाणी काढते," हे वाक्य मी गडग्यावरून कितीदा ऐकलंय.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाची एक अडचण असते. शनिवार उजाडला की अर्धी मुंबई सुट्टीला आमच्या दारात येऊन पडते. त्यांची वाळू, त्यांचे घोडे, त्यांचे केळफुलाएवढे मोठे कॅमेरे. जिथे यायला लोक पैसे भरतात तिथे आपण फुकट राहतो, मग आपण सुट्टीला जायचं कुठे, असा सवाल तात्या लग्नापासून काकूंना विचारत आले. घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांना द्यायला काढल्या. बाहेर पाटी आहे, 'घरगुती जेवण'. घरगुती म्हणजे काकू. पाहुणे जेवून पडवीत लोळतात आणि फोनवर काकूंना आपल्या मागच्या सुट्टीचे फोटो दाखवतात. ही केरळची होडी, हा राजस्थानचा उंट, हा मनालीचा बर्फ. काकू ओले हात पुसत सगळं बघायच्या. दुसऱ्यांच्या सुट्ट्यांची एवढी माहिती असलेली बाई तालुक्यात दुसरी नसेल.

एकदा जेवताना काकू म्हणाल्या, "मला बर्फ बघायचाय."

"फ्रिजात आहे," तात्या म्हणाले.

"जमिनीवर पडलेला बघायचाय. त्यावर चालून. गुडघे चालतायत तोवर."

हे मला तात्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते नेहमीसारखे हसले नाहीत. काकूंच्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, फिरायचं असेल तर यंदा फिरून घ्या, पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही.

तात्यांनी कौल लावला. गाडी नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही नाही. मी गडग्यावरून सगळं बघत होतो. या वेळी तात्यांना होकार हवा होता. त्यांनी प्लग घासले, बॅटरी चार्ज करून आणली, चोक नेमका हवा तेवढा ओढला, पण गाडीने दाद दिली नाही. जन्मभर जिच्याकडून स्वतःच्या मनातलं वदवून घेतलं, तिने पहिल्यांदाच आपलं मत ऐकवलं. मला वाटलं, झालं, काकूंचा बर्फ फ्रिजातच राहणार.

आणि एका सकाळी तात्या इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे.

"विन्या, गाडीवर कर्ज मिळतं का रे?"

"नवीन घेताय?"

"घ्यायला नाही. हीच ठेवायची. सहलीसाठी."

"मग गाडी काय म्हणाली?"

"विचारलं नाही," तात्या म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसले.

मी अलिबागच्या एका कचेरीत कारकून, म्हणून पैशाच्या सगळ्या वाटा मला ठाऊक असणार असा तात्यांचा समज. आधी एका पतपेढीत गेलो. त्यांनी गाडी बघायला एक तरुण साहेब पाठवला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाचं टोक लावून बघितलं आणि फोनवर वरच्या साहेबाला सांगितलं, "सर, भंगाराच्या भावाने धरावी लागेल." तात्यांच्या दारात येऊन चहाशिवाय परत गेलेला तो पहिला माणूस.

शेवटी मी त्यांना नागावच्या घरतशेठकडे नेलं. शेठच्या वडिलांची पेणकडे मिठागरं होती, शेठनी ट्रक घेतले, आणि ट्रकांच्या कमाईतून रिसॉर्ट उभं केलं. त्यांनी चौलला येऊन गाडी बघितली आणि खूश झाले.

"तात्या, गारी फस्क्लास हाय. पैशाचा टेन्शन घेव नको. पैसे फिटतीन तवर फकस्त माझे गेटावर उभी ऱ्हाऊंदे. मुंबईवाल्यांना फोटो काराला कायतरी पायजे."

तात्यांनी अटी घातल्या. सावलीत उभी करायची, बोनेटवर कोणी बसायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, फुगे लावायचे नाहीत, आणि दर आठवड्याला विन्या येऊन इंजिन सुरू करून जाईल. घरतशेठ प्रत्येक अटीला "व्हय, व्हय" म्हणत होते. इतक्या पटकन सगळं मान्य करणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते.

गाडी नागावला न्यायची त्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. पठ्ठी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि एकदाही न खोकता वाडीतून, बाजारातून, मोठ्या रस्त्याला लागली. तात्यांनी एका हाताने डॅशबोर्ड पुसला. मग म्हणाले, "हिला वाटतंय फिरायला नेतोय." परतताना आम्ही सहा आसनी रिक्षात दहाजणांत कोंबून आलो. चावी त्यांनी माझ्या खिशात टाकली.

काकूंना सांगितलं की गाडी अलिबागला इंजिनकामाला टाकलीय, पार्ट बाहेरून यायचाय, वेळ लागेल. आणि सहलीला पैसे कुठून आले? तर सरकारने पगारातल्या फरकाची थकबाकी दिली. जन्मभर शास्त्र शिकवलेल्या माणसाने इतकी अशास्त्रीय थाप मारावी याची मलाच लाज वाटली. काकू फक्त "बरं" म्हणाल्या आणि चौलात लोकरीचे मोजे कोणाकडे असतील याच्या शोधाला लागल्या.

ते दोघं सहलीला गेले तेव्हापासून मला रोज फोन. काकूंना कळू नये म्हणून तात्या हॉटेलच्या न्हाणीघरातून बोलायचे, मागे नळ सोडलेला.

"सावली आहे ना?"

"आहे."

"बोनेटवर कोणी बसत नाही ना?"

मी रिसॉर्टच्या गेटाशीच उभा होतो. बोनेटवर एक होणारी नवरी बसली होती. होणारा नवरा टपावर कोपर टेकून लांब कुठेतरी बघत होता. दोन्ही आरशांना गुलाबी फुगे होते, आणि त्या दोघांना हसवण्यासाठी फोटोग्राफर आत हात घालून हॉर्न वाजवत होता.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"हॉर्न कसला ऐकू येतोय?"

"एसटी."

परत आल्यावर तात्या थंडीबद्दल बोलले, पराठ्यांबद्दल बोलले, सहल नेणाऱ्या पोराच्या उच्चारांबद्दल तर फारच बोलले. बर्फाचं नाव नाही. मग गडग्याला टेकून हळूच म्हणाले, "ही घसरली रे. बसकणच मारली बर्फात. मला वाटलं, गेला गुडघा. तर ही हसायला लागली. तोंडावर पदर नाही, काही नाही, मोठमोठ्यांदा. लोक बघायला लागले." पुढे म्हणाले, "इतकी वर्षं झाली, हिला असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं."

कर्ज आता तात्यांच्या वाडीतल्या सुपारीवर फिटायचं आहे. सुपारी उतरायची, वाळायची, सोलायची, मग विकायची, तोवर गाडी नागावला. मधेच सुपारीचा भाव पडला तर ती कायमची घरतशेठची होईल, ही धाकधूक तात्यांच्या तोंडावर दिसते. ते स्वतः तिकडे फिरकत नाहीत. नागाववरून जायची वेळ आली तर रिक्षात उलट्या बाजूला तोंड करून बसतात. रिकाम्या शेडमध्ये मात्र खुर्ची टाकून तासन् तास बसलेले असतात. कोणी काही विचारायला आलं की "गाडीला" एवढं म्हणून थांबतात, मग "बरं, बघतो" म्हणतात. स्वतःच्या जबाबदारीवर नाही म्हणायची सवयच नाही माणसाला. मंडळाच्या पोरांनी यंदा दुप्पट वर्गणी नेली.

दर गुरुवारी कचेरीतून परतताना मी नागावला थांबून इंजिन सुरू करतो. एका गुरुवारी कचेरीला सुट्टी होती, म्हणून दुपारीच गेलो, तर गाडीपाशी काकू. पदर खोचलेला, पायाशी बादली, फुगे सोडून बाजूला ठेवलेले, आणि त्या ओल्या फडक्याने दार पुसत होत्या. गुरुवारी त्या गुडघ्यांना शेक घ्यायला अलिबागला जातात असं तात्या समजत होते, आणि मीही.

"काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सरकार थकबाकी देतं होय रे? आणि ही गेटावर उभी. ह्यांना वाटतं, मी रिक्षातून डोळे मिटून जाते."

"मग तात्यांना बोलला का नाहीत?"

काकूंनी फडकं बादलीत बुडवलं. "बर्फाला जायचं ठरलं त्या दिवशी शेडमधून खर्र आवाज आला नाही. तेव्हाच कळलं मला, ह्यांनी तिला पुन्हा विचारलेलं नाही. माझ्यासाठी तिला न विचारता केलेलं हे पहिलंच. आणि मला कळू नये म्हणून केवढी धडपड. त्या हॉटेलात नळ सोडून बोलायचे, मी बाहेर पलंगावर बसून सगळं ऐकायचे. कुणी आपल्यापासून असं काही लपवतंय, आपल्यासाठी, ते बरं वाटतं रे विनू. मी बोलले की संपलं ते. मला माहीत नाही असंच राहू दे."

"आणि हे पुसणं?"

"जीव आहे ना ह्यांचा तिच्यात. धुळीने भरलेली परत आली तर बघवणार नाही त्यांना."

संध्याकाळी तात्या गडग्याशी वाटच बघत होते.

"कशी आहे?"

"चकचकीत."

"पुसतं कोण?"

"आहे कोणीतरी. दर गुरुवारी पुसतं."

तात्यांचा चेहरा उजळला. "हात कसा फिरवतो? गोल फिरवला तर रंग मरतो. त्याला सांग, पुढून मागे, सरळ." मग सदऱ्याच्या खिशातून एक नोट काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. "हे दे त्याला. म्हणावं, परक्याच्या वस्तूला इतकं जपणारं माणूस हल्ली मिळत नाही."

पुढच्या गुरुवारी रजा टाकून मी दुपारी नागावला गेलो. काकूंना नोट दिली आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी नोट बघितली, घडी करून कमरेला खोचली, फडकं घट्ट पिळलं, आणि बोनेटवर पुढून मागे सरळ हात फिरवायला सुरुवात केली.