न हलणाऱ्या यंत्राचे उद्घाटन

नागपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत दोन काळे दगड दिवाळीपासून एकमेकांना टेकून स्वस्थ बसले होते. सरकारी इमारतीत कोणी स्वस्थ बसले असेल तर त्याची दखल घेण्याची पद्धत नाही. त्यामुळे हिवाळाभर सगळे सुरळीत चालले.

दगड तिथे का बसले होते, ते आधी समजून घेऊ. अवघड नाही. शाळेतला जड बाक ढकलून पाहा. जागचा हलेपर्यंत तो हट्ट धरतो. एकदा सरकला की मुकाट चालू लागतो. जमिनीखालच्या भेगेचेही असेच आहे. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून राहिल्या की हळूहळू रुततात, घट्ट होतात. ताण अनावर झाला की सरकतात आणि सगळा घट्टपणा क्षणात गमावतात. त्याला आपण भूकंप म्हणतो. मग पुन्हा थांबणे, पुन्हा घट्ट होणे. किती थांबल्यावर किती ताकद परत येते, हे मोजायचे असेल तर यंत्रात दगड दाबून ठेवायचे आणि वाट पाहायची. मध्ये हात लावायचा नाही.

ही वाट कामिनी पराते पाहत होती. दगड थोडा थोडा वेळ दाबून ठेवायच्या मुक्कामांची मापे आधीच घेऊन झाली होती; सर्वांत लांब मुक्काम उरला होता. गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी दगड सरकवून माप घेतले की तिचा प्रबंध पुरा होणार होता. त्याच आठवड्यात तिची शिष्यवृत्ती संपत होती.

अशा वेळी प्रशासन अधिकारी भूपेश यांच्या ध्यानात आले, की यंत्राचे उद्घाटनच झालेले नाही.

"उद्घाटन झाल्याशिवाय यंत्र सुरू आहे असं म्हणता येत नाही, मॅडम," ते म्हणाले.

"पण ते सुरू आहे."

"बंद दिसून राहिलं."

"थांबवून ठेवणं हाच तर प्रयोग आहे."

"मग अडचण काय? थांबलेल्याचंच उद्घाटन करतात. चालत्याचं कोणी केलं का आजवर?"

या युक्तिवादाला विज्ञानात उत्तर नाही. कामिनीने निदान पाडव्यानंतरची तारीख मागितली. परंतु पाडव्यानंतर आचारसंहिता लागण्याचा संभव होता आणि एका महामंडळाचे अध्यक्ष माननीय रुपरावजी तत्पूर्वीच मोकळे होते. भूकंपाला आचारसंहिता लागू नसल्याने त्याची तारीख विचारात घेण्यात आली नाही.

तेव्हा कामिनीने तोड काढली. एका फळीवर लाल बटन बसवायचे. ते दाबले की हिरवा दिवा लागेल. यंत्राशी त्याचा काही संबंध नसेल. संचालक डॉ. सुमंत यांना ही कल्पना फार आवडली. "आपल्या खात्याच्या परंपरेला धरून आहे," ते म्हणाले.

समारंभाला शहरातले सुजाण नागरिक बोलावले होते. कामिनीने त्यांना बाकाची गोष्ट सांगितली. सर्वांना कळली. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर "वा!" म्हटले. दगडांना हादरा बसू नये म्हणून तिने नारळ फोडायच्या जागी गादी अंथरली होती. रुपरावजींनी नारळ आपटला. तो न फुटता उसळला आणि खुर्च्यांखालून दाराकडे गेला.

"नारळही ऐकून नाही राहिला," रुपरावजी हसले. मग त्यांनी बटन दाबले. दिवा लागला, टाळ्या झाल्या. रुपरावजी यंत्राकडे पाहत राहिले.

"हे हलून काहून नाही राहिलं वं बाई?"

"साहेब, ते हलायला नकोय. पाडव्यापर्यंत."

"म्हणजे म्या बटन दाबलं अन् काहीच नाही झालं? अन् पेपरवाले इथंच उभे आहेत! उद्या काय छापून येईन?"

डॉ. सुमंत कामिनीच्या कानाशी आले. "थोडंसं सरकव. जरासं."

"सर, जरासं असं नसतं. सरकलं की सगळं गेलं. दिवाळीपासूनचं सगळं."

"दिवाळी दर वर्षी येते," संचालक म्हणाले आणि जनहितार्थ त्यांनी स्वतःच दाबाचा पेच ढिला केला.

टक् असा आवाज झाला. यंत्राच्या पडद्यावरची, दगडांची ताकद दाखवणारी रेघ धाडकन खाली आली. दाबच सोडल्यामुळे ते माप धरता येण्याजोगेही राहिले नाही.

"रेघ खाली काहून गेली?" रुपरावजींनी विचारले.

"साहेब, तुमच्या हस्ते भूकंपाची भेग कमजोर झाली!" संचालक म्हणाले.

"मग बरंच झालं की गा! कमजोर भेग, कमजोर भूकंप."

खरे तर भेग कमजोर होते तेव्हाच जमीन हादरते. हे त्या दालनात सगळ्यांना नुकतेच समजावले होते. टाळ्या मात्र पहिल्यापेक्षा जोरात झाल्या.

कामिनीने मुदतवाढ मागितली. उत्तर लवकर आले, ही नवलाची गोष्ट. यंत्र उद्घाटनाच्या दिवशी सुरू झाले असल्याने त्यापूर्वी त्यावर कोणताही प्रयोग झालेला असू शकत नाही. जो झालाच नाही तो बिघडला, हे म्हणणे मान्य करता येत नाही. मात्र यंत्र लोकप्रिय झाल्यामुळे ते यापुढे पाहुण्यांसाठी रोज हलते ठेवावे. कामिनी आता मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत हिशेब तपासते.

आता एवढेच सांगायचे राहिले. संचालकांचा हात पेचाकडे गेला तेव्हा कामिनी खुर्च्यांकडे वळून म्हणाली होती, "तुम्हाला तर कळलं ना? कोणीतरी सांगा ना यांना!"

खुर्च्यांवर आपणच होतो. तुम्ही तिसऱ्या रांगेत, मी तुमच्या शेजारी. मागून तर्री-पोह्यांचा वास येत होता. उठावे असे आपल्या मनात आले होते, नाही असे नाही. पण आपण फार वर्षांपासून स्वस्थ बसलो आहोत. आणि जितके जास्त बसावे तितके जागचे हलणे अवघड होते, हे मोजायला आपल्याला कुठल्या यंत्राची गरज होती?