जावयाला देवी आल्या

एकाहत्तर सालच्या हंगामात गहिनीनाथ श्रीगोंद्याची ऊसतोड सोडून शेवगावकडच्या सासुरवाडीला आला, तो फक्त लेकीला मांडीवर घ्यायला. साळूला मुलगी झाल्याचा निरोप आल्यापासून त्याचा कोयताच चालेना. शेवटी मुकादमाच्या हातापाया पडून त्याने सुट्टी काढली. पण दारात पाय धुताना सासूने, लंकाबाईने, त्याच्या हातांवरचे बारीक फोड बघितले आणि तिथंच अडवलं.

"पाव्हणं, तिकडंच थांबा. तुमाला देवी आल्यात."

आली का पंचाईत! तिकडं तोडीवर पाचटाच्या कोपीत एका घोंगडीत चार-चार जणं झोपतात, खाज कुणाला नसते? पण ऐकतंय कोण! त्याला गोठ्यात बाज मिळाली, दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. ज्या सासूने या जावयाला कधी धड चहा विचारला नव्हता, ती रोज हळदीच्या पाण्याने त्याचे पाय चोळून डोकं टेकवू लागली, अंगात देवी आलीय म्हणून त्याला 'आई' म्हणू लागली आणि नातीला सांभाळ म्हणून विनवू लागली. गहिनीनाथाला मेल्याहून मेल्यासारखं होई. भिंतीपलीकडं पोर रडे, हा बाजेवर उठून बसे आणि पुन्हा आडवा होई.

आठवड्याने गावात लस टोचायला देवी डॉक्टर आले. त्यांनी बोटांच्या बेचक्या बघितल्या आणि हसून सांगितलं, देवी कसल्या, ही तर खरूज! लंकाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत 'आई'चा 'खरजुल्या' झाला. पण खरूजही लागतेच. डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलं आणि बाळापासून लांब राहायला बजावलं. सुट्टी तर कधीच संपली होती. साळूने उंबऱ्यातून पोर वर धरली. दुपट्यातून नुसतं नाक दिसलं. तोडीवर परतताना ट्रकमध्ये गहिनीनाथ सगळ्यांदेखत रडला.

पुढं त्याने इमानेइतबारे मलम चोपडलं, कपडे उकळले, एकटा कुडकुडत झोपला. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तसा लख्ख अंगाने सासुरवाडीला आला. बघतो तर लंकाबाई ओट्यावर बोटांच्या बेचक्या खाजवत बसलेली. पाय चोळता चोळता सगळी भक्ती तिच्या हातात उतरली होती आणि त्याच हातांनी ती नातीला न्हाऊ-माखू घालत होती. पोरीनं खाजवू नये म्हणून तिच्या मुठींना फडकी बांधलेली.

"आवं, तिला शिवू नका," साळू कळवळून म्हणाली. "तुमचं आत्ता कुटं बरं झालंय."

त्याने पोरीला उचललं. ते अनोळखी तोंड बघून तिने आजीकडे हात पसरले आणि टाहो फोडला. गहिनीनाथाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लंकाबाई मात्र पुढं आली नाही, हात पाठीमागं लपवून उभी राहिली.

"रडू दे," तो म्हणाला. "आज मी हिला खाली ठेवनार न्हाई."